वाचनालयात नवीन लागलीस ना?

अगं, वाचनालय एकट्या ग्रंथपालावर चालत नाही. पहिला महिना सगळ्यांच्या हाताखाली काम कर.

- मांडणी: आपल्या बेळगाव-खानापूरकडं कपाटांत मराठी, कन्नड, हिंदी शेजारीशेजारी. नुसती देवनागरी बघून हिंदी पुस्तक मराठीत जातं, ही नव्यांची हमखास चूक. पुस्तकाच्या पाठीवरचा ड्यूई क्रमांक (विषय-भाषेनुसार दिलेला वर्गीकरणाचा आकडा) वाच: हिंदी साहित्य ८९१.४३, मराठी ८९१.४६, कन्नड ८९४.८१४. चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.
- दाखल नोंदवही: यात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवतात. रद्द पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीच देऊ नकोस.
- देवघेव: कुणी आजोबा ‘ते निळ्या कव्हरचं’ म्हणाले, तर लगेच ‘नाही’ म्हणू नकोस. कशाबद्दल होतं, विचार. शिपाईमामांनाही विचार, परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या हातून गेलेलं असतं.

वर्गीकरणाचे बारकावे नंतर शिकवते. जमेल तुला.