बेसिन आणि भिंतीमधल्या फटीत सिलिकॉन सफाईने कसं भरायचं? माझी रेषा नेहमी वाकडी येते, हाताला वळण कसं लावू?

हाताला वळण लावायच्या भानगडीत पडू नका. टेप लावा. ‘टेप लागतो तो कारागीर नव्हे’ हे वाक्य मी माझ्या मोठ्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्या बेसिनमागची पट्टी काळी पडली होती. दादा सिलिकॉन भरायची गन घेऊन आला आणि जुन्यावरूनच नवीन ओढू लागला. मी म्हटलं, आधी जुनं काढू, वाळलेल्या सिलिकॉनला नवीन धरत नाही. ‘तू मला शिकवू नकोस’ म्हणाला. त्याचा हात खरंच चांगला आहे, रेषा सुरेख आली, घरात कौतुक झालं. दोन महिन्यांनी टोकाला नख घातलं तर अख्खी पट्टी शेवयीसारखी हातात आली. खाली पाणी आणि बुरशी. दादाच्या मते माल खराब होता. माल चांगला होता, खालचा पाया नव्हता.

मग मी एकट्याने केलं. दोन तास नुसतं ब्लेडने खरवडण्यात गेले. उरलेला पातळ थर दिसत नाही, बोट फिरवलं की रबरासारखा लागतो, तोही काढला. स्पिरिटच्या फडक्याने पुसून रात्रभर फट वाळू दिली. सकाळी फटीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावला. नोझल तिरकं कापलं, भोक फटीपेक्षा जरा लहानच ठेवलं. मोठं कापलं की माल बदाबदा येतो. तुमचा राडा बहुतेक तिथेच होतो. मधे न थांबता एका दमात ओढायचं, मग बोट एकदाच फिरवायचं. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरा. टेप लगेच, वर साय धरायच्या आत, बाहेरच्या बाजूला तिरका ओढून काढायचा. उशीर झाला तर कड फाटते. साबणाच्या पाण्यात बोट बुडवायला हरकत नाही, पण ते पाणी सिलिकॉन भरायच्या आधी फटीत गेलं तर मेहनत वाया.

एक दिवस पाणी लागू देऊ नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने वाळतं, चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर, त्यामुळे खोल फटीला जास्त दिवस द्या.

हो, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरावर किंवा आरशामागे वापरू नका, डाग पडतात, आरशाचा मुलामा जातो. तिथे ‘न्यूट्रल’ लिहिलेलं, तो आंबट वास नसणारं सिलिकॉन घ्या. बाथरूमला बुरशीरोधक. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, भिंतीच्या रंगवायच्या भेगांना ॲक्रिलिक सीलंट भरा.

माझी पट्टी चार वर्षं झाली, जशीच्या तशी आहे. गेल्या महिन्यात दादाकडच्या सिंकची सुटली. मी म्हटलं, दादा, जुनं मी काढतो, टेप मी लावतो, ओढ तू. अजून हो म्हणालेला नाही.