वॅक्स की सीलंट? चार वर्षांचा हिशेब

रत्नागिरीच्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे : त्यांची गडद निळी हॅचबॅक तीन वर्षांची झाली असून ती अंगणात, अर्धी उन्हात आणि अर्धी हापूसच्या झाडाखाली उभी असते. आणखी चार वर्षे वापरून ती विकायची आहे. रंगाची चकाकी गेली आहे, म्हणून घरी वॅक्स (मेणाचा लेप) लावावे की सीलंट (कृत्रिम लेप), असा त्यांचा मूळ प्रश्न होता. वॅक्सचा डबा ९०० रुपयांना आणि सीलंटची ४७३ मिलिलिटरची बाटली १,६०० रुपयांना मिळते. दुकानात करून घेतल्यास वॅक्सला दर वेळी १,५०० आणि सीलंटला, हलक्या पॉलिशसह, ३,५०० रुपये पडतात. मात्र डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी बारकाईने स्वच्छ करून चकाकवून देणाऱ्या, दुकानदाराने हे दोन्ही निरुपयोगी ठरवून २४,००० रुपये अधिक जीएसटी अशा दराने सिरॅमिक कोटिंग हा अधिक टिकाऊ लेप सुचवला. तेवढे पैसे आकस्मिक खर्चासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीत आहेत, ती ठेव मोडावी का, असे ते विचारतात. जाता जाता त्यांनी हेही लिहिले आहे की, रोज सकाळी एक जण ५०० रुपये महिन्याने गाडी पुसून जातो.

सप्रेम नमस्कार.

मुदत ठेव मोडू नये, आणि वॅक्स व सीलंट यांतून निवडायचे तर आपल्या परिस्थितीत सीलंट निवडावे. असे असले तरी आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मला यांपैकी कोणत्याही वस्तूच्या किमतीत नव्हे, तर पत्राच्या शेवटच्या ओळीत सापडला. त्याकडे मी पुढे येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. गाडीच्या रंगावर केलेला खर्च ही गुंतवणूक नाही, ती देखभाल आहे. विमा कंपन्या गाडीची विमा रक्कम ठरवताना जो घसारा धरतात, त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत ४० टक्क्यांनी आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्क्यांनी कमी धरली जाते, मग तिचा रंग आरशासारखा असो किंवा मळका. जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडी पाहायला येतो तेव्हा तो चकाकीपेक्षा रंग मूळचा आहे की एखादा भाग नव्याने रंगवला आहे, हे तपासतो. बरेच जण त्यासाठी रंगाची जाडी मोजण्याचे यंत्रच सोबत आणतात. म्हणून आपल्याला जपायचा आहे तो कंपनीत लागलेला मूळ रंग. झळाळी विक्रीच्या आठवड्यात एका पॉलिशनेही आणता येते.

हा मूळ रंग म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय हिशेब पुढे सरकणार नाही. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजवाले क्लिअरकोट म्हणतात. हा पारदर्शक थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये त्यातच मिसळलेली असतात. तो आपले मुद्दल आहे. गॅरेजमध्ये ज्याला रबिंग म्हणतात, त्यात ओरखडे मिटवण्यासाठी हा थरच काही मायक्रॉन घासून काढला जातो. म्हणजे चकाकी मुद्दलातून पैसे काढून विकत घेतली जाते, आणि हे मुद्दल परत भरता येत नाही. वॅक्स आणि सीलंट हे या थरावर बसणारे, त्याच्या तुलनेत अगदी नगण्य जाडीचे लेप आहेत. ऊन, पाणी, विष्ठा आणि चीक यांचा पहिला मारा ते स्वतःवर घेतात व झिजून जातात. झिजणे हेच त्यांचे काम आहे. म्हणून किती टिकतो आणि परत लावायला किती कष्ट पडतात, एवढेच दोन प्रश्न त्यांच्याबाबत विचारावेत.

चांगल्या वॅक्समधले मुख्य द्रव्य कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. शुद्ध कार्नोबा ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, परंतु डब्यात तो शुद्ध नसतो. तो लावता यावा म्हणून त्यात तेले, विद्रावक आणि इतर मऊ मेणे मिसळलेली असतात. एप्रिल-मेच्या दुपारी गडद निळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही इतके ते तापते, हे आपण जाणताच. अशा तापमानात आणि पुढे कोकणच्या पावसात वॅक्सचा लेप सहा ते आठ आठवड्यांपलीकडे टिकेल, असे मी धरणार नाही. सीलंट हे प्रयोगशाळेत घडवलेले बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, असते. ते पारदर्शक थराला अधिक घट्ट धरून बसते आणि उघड्यावरच्या गाडीवरही चार ते सहा महिने काम देते. गडद रंगावर वॅक्सची झाक अधिक खोल, ओलसर दिसते, हे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र त्या झाकेसाठी दर दोन महिन्यांनी रविवारची सकाळ द्यावी लागते.

आता चार वर्षांचे आकडे मांडतो. शाम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी आणि रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी क्ले यांना पहिल्या वर्षी २,५०० आणि नंतर दरवर्षी १,००० रुपये धरले, तर दोन्ही पर्यायांत हा ५,५०० रुपयांचा खर्च समान आहे. वॅक्स वर्षातून सहा वेळा म्हणजे चार वर्षांत चोवीस वेळा लागेल. एका डब्यात दहा वेळा होते असे धरल्यास तीन डबे, २,७०० रुपये. एकूण ८,२०० झाले. सीलंट वर्षातून दोनदा संपूर्ण गाडीला आणि एकदा केवळ बॉनेट, टप व डिकीला लावले, तर वर्षाला सुमारे ७५ मिलिलिटर लागते, म्हणजे एक बाटली चार वर्षे सहज पुरते. एकूण ७,१०० झाले. फरक अकराशे रुपयांचा आहे, आणि चार वर्षांत अकराशे रुपयांसाठी कोणी आर्थिक सल्लागाराला पत्र लिहू नये, हे मी मोकळेपणाने सांगतो. खरा फरक वेळेत आहे : वॅक्सला प्रत्येकी अडीच तास धरून साठ तास, तर सीलंटला वर्षाला सात याप्रमाणे अठ्ठावीस. शिवाय वॅक्सच्या सहा वेळा कागदावरच्या आहेत. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीत गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून, उघड्या अंगणात वॅक्स लावण्याजोगी सकाळ किती वेळा मिळते? म्हणजे जेव्हा लेपाची गरज सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच तो नसतो.

हीच दोन कामे दुकानातून करून घेतली, तर चित्र पालटते. वॅक्स वर्षाला ९,००० म्हणजे चार वर्षांत ३६,००० रुपयांवर जाते आणि वर्षातून दोनदा सीलंट २८,००० रुपयांवर. त्यामुळे वॅक्स दुकानातून लावून घेणे हा मला सर्वांत न पटणारा पर्याय आहे.

आता सिरॅमिककडे वळतो. जीएसटीसह त्याचे २८,३२० रुपये होतात. दुकानदार लबाड आहे, असे मी म्हणणार नाही. सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेला हा लेप खरोखरच सीलंटपेक्षा कठीण आणि टिकाऊ असतो. तथापि, दुकानातून बाहेर येणाऱ्या गाडीची जी झळाळी पाहून आपण भारावतो, ती बहुतांशी लेपाची नसून लेपाआधी केलेल्या मशीन पॉलिशची असते. अशा लेपांसाठी सांगितली जाणारी ९एच ही कठीणता पेन्सिलीच्या चाचणीतली आहे, त्यामुळे वाळूच्या कणाने ओरखडा पडणार नाही, असा तिचा अर्थ होत नाही. वॉरंटीच्या कागदावर दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेण्याची अट आहे का, तेही पाहावे. याच २८,३२० रुपयांची ठेव ७ टक्के व्याजाने, तिमाही चक्रवाढीने चार वर्षे तशीच राहिली, तर करापूर्वी तिचे सुमारे ३७,४०० रुपये होतात. माझा आक्षेप मात्र व्याजाचा नाही. आकस्मिक निधी हा घरातले कोणी रुग्णालयात दाखल झाल्यास त्या रात्री हाताशी असण्यासाठी असतो. बोनसमधून पैसे उरत असते, गाडी दहा वर्षे ठेवायची असती आणि आपल्याला स्वतः काही करायचे नसते, तर मी सिरॅमिकला एवढा विरोध केला नसता. गाडीच्या कर्जात ही रक्कम मिळवून घेण्याचा प्रकारही शोरूममध्ये सर्रास चालतो. ९ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात मिळवलेल्या २५,००० रुपयांचे सुमारे ३३,८०० होतात आणि लेप कधीच संपून गेल्यावरही हप्ता चालूच राहतो.

दुकानदाराने आपल्याला पीपीएफही सुचवले नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. माझ्या व्यवसायात या तीन अक्षरांचा अर्थ पंधरा वर्षांचे बचत खाते असा होतो, डिटेलिंगवाल्यांकडे तो रंगावर चिकटवायच्या पॉलियुरेथेनच्या फिल्मचा असतो. उडणाऱ्या खडीपासून खरे संरक्षण हीच फिल्म देते, पण तिचा खर्च सिरॅमिकच्याही कितीतरी पुढे जातो आणि आपल्या गाडीच्या उरलेल्या आयुष्याला तो शोभणारा नाही.

आता त्या ५०० रुपयांकडे येतो. महिना ५०० म्हणजे वर्षाला ६,००० आणि चार वर्षांत २४,००० रुपये. सिरॅमिकचा जीएसटीपूर्वीचा नेमका तोच आकडा. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ रात्रभर गाडीवर बसते, आणि सकाळी तेच एक फडके, बहुधा त्याच बादलीत बुचकळून, पाण्याने धूळ न सोडवता सर्व बाजूंनी फिरवले जाते. प्रत्येक कण पारदर्शक थरावर बारीक रेघ ओढतो. उन्हात गडद रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल गोल वलये दिसतात, ती याच पुसण्याची आहेत. चकाकी गेली म्हणजे ऊन लागले, असे आपण समजता. तीन वर्षांच्या गाडीत मला पहिला संशय फडक्याचा येतो. म्हणजे आपण दरमहा पैसे देऊन मुद्दल घासून घेत आहात, आणि वर ते भरून काढण्यासाठी ठेव मोडायला निघाला आहात. त्या माणसाचे काम काढून घ्यावे, असे मी सुचवत नाही. तेवढ्याच पैशांत त्याने रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी ओतून धूळ सोडवावी, मग शाम्पूच्या एका आणि साध्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीने गाडी धुवावी, एवढे त्याच्याशी बोलून ठरवावे. भांडी घासण्याचा साबण मात्र त्याच्या हाती देऊ नये. तो वॅक्सही उतरवतो आणि सीलंटचेही आयुष्य घटवतो.

दुसरा, फुकटचा उपाय म्हणजे गाडी आंब्याच्या झाडाखालून काढणे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे जो चिकट गोड स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते. त्याखेरीज चीक आहे, पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा आहे. विष्ठा उन्हात काही तास राहिली तर सीलंट असूनही डाग खोल जातो, त्यामुळे ती दिसताच ओल्या फडक्याने भिजवून उचलावी. कव्हर घालायचे असेल, तर ते धुतलेल्या गाडीवरच घालावे, कारण धुळीवर ओढलेले कव्हर फडक्याचेच काम करते.

विम्याचा आधार घेता येईल, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. रंग फिका पडणे ही झीज आहे आणि झिजेची भरपाई पॉलिसीत मिळत नाही. अपघाती ओरखड्याचा दावा करता येतो, पण तो परवडतो का ते पाहावे. समजा, एक दरवाजा रंगवण्याचे एकत्रित बिल ८,००० रुपये आले. त्यातला २५ टक्के भाग रंगसामग्रीचा धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,००० रुपये कापले जातात. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला आणखी १,००० रुपये आपल्याला सोसावे लागतात. हाती ६,००० येतात. तीन वर्षे दावा केला नसेल, तर आपली नो क्लेम सवलत आज ३५ टक्के असून पुढच्या वर्षी ती ४५ होईल. दावा केल्यास ती शून्यावर येते. विम्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता सवलतीपूर्वी ९,००० रुपये धरला, तर पुढच्या वर्षी ४,०५० आणि त्याच्या पुढच्या वर्षी, ५० ऐवजी २० टक्के सवलत मिळाल्यामुळे, २,७०० असे ६,७५० रुपये दोन वर्षांत जातात. किरकोळ रंगकामासाठी दावा करू नये, तो याच कारणासाठी.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे. रंग आधीच मंद झाला असल्यामुळे नुसते सीलंट लावून उपयोग नाही. मंद रंगावर लावलेला लेप मंदपणाच जपून ठेवतो. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभी, एकदाच दुकानात ३,५०० रुपये द्यावेत आणि हलके पॉलिश, क्ले व सीलंट करून घ्यावे. रबिंग करू नये, हे आधीच बजावून सांगावे. त्यानंतरचे काम घरी करावे : मार्चमध्ये, मोहोराचा चिकटपणा धुऊन काढल्यावर, वरच्या आडव्या भागांना, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, आणि पुढच्या वर्षांपासून नोव्हेंबरमध्येही, संपूर्ण गाडीला. सीलंट लावल्यावर ते धरण्यासाठी बारा ते चोवीस तास कोरडे जावे लागतात, म्हणून मेचे काम वळवाचे ढग दिसू लागल्यावर काढू नये. दिवाळीला वॅक्सची ती खोल झाक हवीच असेल, तर सीलंटवर वॅक्स जरूर लावावे. उलट क्रम चालत नाही, कारण मेणावर सीलंट धरत नाही.

चार वर्षांचा हा सारा खर्च १०,६०० रुपयांच्या आत बसतो, म्हणजे महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास, आणि तो पगारातून निघेल. खारी हवा खालच्या बाजूने चासीला गंजवते, तिथे वॅक्स काय नि सीलंट काय, दोन्ही पोहोचत नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढेल तेव्हा खालचा गंजरोधक लेप कुठे सुटला आहे का, ते स्वतः उभे राहून पाहावे, आणि सुटला असल्यास दुरुस्तीचा भाव मला कळवावा. तो खर्च मी पॉलिशच्या आधी करायला सांगेन.