दुसरं दुकान घेण्याआधी

भाऊ, लेकरू चार महिन्यांचं नाही झालं तर तू दुसऱ्या दुकानाच्या डिपॉझिटचं बोलतोय. घे बाप्पा, पण आधी मुनिमाच्या हाती गल्ला द्यायला शीक. मी तेच शिकलो नाही.

तीस वर्षं नागपूरच्या इतवारी बाजारात होलसेल केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सारे पोट्टे लाकडी नंदी ओढत बोजारा (खाऊचे पैसे) मागायला निघत. त्याच दिवशी मारबत (मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक), म्हणून मला आयता बहाणा: "गर्दीत घरी कसा येऊ?" खरं सांगू? धंदा तेव्हा नसायचाच. शटर अर्धं ओढून उधारीच्या वह्या चाळत बसायचो.

एका वर्षी नंदीचं मागचं चाक निघालं. पोरगा ते मुठीत घेऊन रात्रीपर्यंत जागा होता. म्हटलं, रविवारी बसवू. नंदी अजून माळ्यावर आहे, तीन चाकांचा. पोरगा पुण्यात, फोन दोन मिनिटांचा. तोही माझ्यासारखाच "कामात आहे" म्हणतो.

तू हप्त्यातली एक संध्याकाळ ठरव अन् गिऱ्हाइकांनाही सांगून टाक. दोन महिने कुरकुर करतील, मग तेच वेळ पाहून येतील.