ई-सायकलला हब मोटर घेऊ की मिड-ड्राइव्ह?

भावा, आधी तुझा रोजचा रस्ता बघ, मोटर नंतर. पुण्यात गावातल्या गावात ऑफिसला जायचं असेल तर डोळे झाकून हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर घे, स्वस्त पडते आणि चेनवर मोटरचा लोड येत नाही. पण सिंहगडाचा घाट चढायचा विचार असेल तर मिड-ड्राइव्हच, म्हणजे पेडलपाशी बसणारी मोटर, कारण तिची ताकद चेनमधून मागच्या गिअरला जाते, तू हलका गिअर टाकलास की मोटरलाही तोच फायदा मिळतो. हबला तो मिळत नाही, चढावर चाक हळू फिरतं, मोटर तापत जाते.

मिड-ड्राइव्हला चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) लवकर झिजतात हे मात्र धरून चाल, आणि गिअर बदलताना पायातला जोर क्षणभर सोडायची सवय लाव, नाहीतर चेन कडाकड वाजते.

वॉटच्या आकड्यांना भुलू नकोस, २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत राहिलास तर लायसन्स-रजिस्ट्रेशनची भानगड नाही.

आणि हब मोटरवाल्या मागच्या चाकाचं पंक्चर घरीच काढायला शीक बाबा, आधी वायरचा कनेक्टर सोडव, मगच नट, आणि परत बसवताना ॲक्सलचा वॉशर विसरू नकोस.