अमेरिकेत युनियन परगावच्या वायरमनला काम कसं देते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत युनियनचे इलेक्ट्रिशियन राज्याराज्यांत फिरून काम करतात, तर त्यांना काम कोण देतं आणि वशिला लागतो का. मुख्यतः यादीतला नंबर चालतो. आयबीईडब्ल्यू या इलेक्ट्रिशियनांच्या युनियनच्या बांधकामावरच्या वायरमनपुरतं सांगतो.

प्रत्येक लोकलच्या (युनियनच्या स्थानिक शाखेच्या) हॉलमध्ये, म्हणजे कार्यालयात, चार याद्या असतात, त्यांना 'बुक' म्हणतात. त्यातल्या पहिल्या दोन इथे बघू. बुक वनवर त्याच भागात राहणारे. परगावचे 'ट्रॅव्हलर' बुक टूवर: 4 वर्षांचा अनुभव आणि युनियनच्या कुठल्याही लोकलची जर्नीमन (पूर्ण शिकलेला कारागीर) परीक्षा पास. (आपल्याकडच्या वायरमन परवान्यावर तिथे नाव चढत नाही.) ठेकेदाराने माणसं मागितली की आधी बुक वन संपवायचं, मग बुक टू उघडायचं. म्हणून बुक टूवरचा पाचवा नंबरही महिनोन्‌महिने हलत नाही. डेटा सेंटरसारखं मोठं काम निघालं की तीच यादी भराभर रिकामी होते.

एका वेळी अनेक लोकलच्या बुक टूवर सही करता येते. पण बहुतेक ठिकाणी दर महिन्याला पुन्हा सही लागते. ती चुकली की नाव कटलं, परत तळापासून सुरुवात. तारखा लिहून ठेवा. काम किती वेळा नाकारलेलं चालतं, हे प्रत्येक लोकल आपापलं ठरवते; ते सही करतानाच विचारा.

काम घेण्याआधी तास बघा. 'सिक्स-टेन' म्हणजे आठवड्याला 6 दिवस, रोज 10 तास. परगावी भाडं भरून राहणाऱ्याला ओव्हरटाइमशिवाय परवडत नाही. 'शॉर्ट कॉल' (थोड्या दिवसांचं काम) असेल तर घाबरू नका: तुमची चूक नसताना 40 तासांच्या आत काम संपलं, तर पुन्हा नोंदणी केल्यावर जुना नंबर परत मिळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ईआरटीएसवर नोंदणी न करणं. परगावी केलेल्या तासांचे पेन्शन आणि आरोग्य विम्याचे पैसे घरच्या लोकलच्या फंडात वळवणारी ही व्यवस्था आहे. नोंदणीआधीच्या तासांचे पैसे साधारणपणे मागे फिरत नाहीत, आणि घरी विमा तुटतो.

वशिल्याला जागा उरते ती फोरमनच्या बाबतीत. अनेक करारांत ठेकेदार त्याला नावाने मागवू शकतो. तसंच पाठवलेला माणूस नाकारायचा हक्कही ठेकेदाराला असतो.

कपात मात्र उलट्या क्रमाने होते: बुक टूवाले आधी, स्थानिक शेवटी. हिशेब घेताना स्लिपवर 'कामकपात' हेच कारण लिहिलंय ना, ते तपासा. 'स्वतःहून सोडलं' असं असेल तर बेकारी भत्ता अडतो.