हवा गेली, सोडली की सोडायला लावली? ‘डिफ्लेटगेट’ मराठीत लिहिताना

प्रश्न असा आला आहे : ‘अमेरिकन फुटबॉलमधल्या डिफ्लेटगेट प्रकरणावर मराठीत लिहायचं आहे. “ब्रेडीने चेंडूंमधील हवा काढून फसवणूक केल्याचे चौकशीत सिद्ध झाले” हे वाक्य बरोबर आहे का? “चीटिंग”साठी “फसवणूक” चालेल का? आणि “डिफ्लेटगेट”ला मराठी शब्द कोणता?’

वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाने एक बाजू घेतली आहे. ‘ब्रेडीने’, ‘काढून’, ‘फसवणूक’, ‘सिद्ध’ या चारही शब्दांवर चाहते आजवर भांडत आले आहेत.

आधी प्रकरण थोडक्यात. १८ जानेवारी २०१५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरो इथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५–७ असा धुव्वा उडवला आणि सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगचा अंतिम सामना, गाठला. टॉम ब्रेडी हा पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. नियमानुसार चेंडूतला दाब १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असायला हवा. मध्यंतरात पेट्रियट्सचे ११ चेंडू तपासले, तर सगळे १२.५ च्या खाली निघाले. क्रिकेटच्या सवयीमुळे मराठी वाचक इथे हमखास अडखळतो, म्हणून हे लेखात आधीच सांगून टाकावं : या खेळात दोन्ही संघांचा चेंडू एक नसतो. आक्रमण करणारा संघ स्वतःचे चेंडू वापरतो आणि ते स्वतःच तयार करून आणतो. सामन्याआधी पंच ते तपासतात. म्हणजे मऊ चेंडूचा फायदा फक्त त्याच संघाला. थंडी-पावसात त्याची पकड चांगली बसते.

आता क्रियापद. इंग्रजी ‘डिफ्लेट’ दोन्हीकडे चालतं : चेंडू आपोआप डिफ्लेट होतो आणि कोणी तो डिफ्लेट करतोही. त्यामुळे इंग्रजी बातमीदाराला कुंपणावर बसता येतं. मराठीत ती सोय नाही. सायकलची हवा ‘गेली’ किंवा ‘उतरली’ म्हटलं की दोष खिळ्याचा किंवा जुन्या ट्यूबचा. ‘काढली’ किंवा ‘सोडली’ म्हटलं की शेजारच्या कार्ट्याचा शोध सुरू. या प्रकरणातला सगळा वाद याच दोन क्रियापदांमधला आहे. पेट्रियट्सचे चाहते म्हणतात, थंडीने हवा उतरली. बाकी सगळे म्हणतात, यांनी काढली. खरं तर थंडीत हवा बाहेर जात नाही, आत असलेल्या हवेचा दाब उतरतो. पण बोलीत ‘हवा उतरली’ दोन्हीला चालतं.

‘काढली’मध्ये आणखी एक गोम आहे. ‘हवा काढली’ म्हणजे पूर्ण काढली, चेंडू फुसका झाला, असं मराठी कानाला वाटतं. इथे फरक होता साधारण एक ते दीड पीएसआयचा. तेवढ्यासाठी ‘थोडी हवा सोडली’ हे नेमकं. आणि बाजू घ्यायची नसेल तर नाम वापरून सुटता येतं : ‘कमी हवेचे चेंडू’, ‘चेंडूंमधला कमी दाब’. मथळ्यासाठी हेच घ्यावं.

‘उतरली’ म्हणणाऱ्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि तिचं गणित शाळेतल्या आदर्श वायूच्या नियमाचं आहे. चेंडूचं आकारमान जवळपास तेच राहतं असं धरलं, तर दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. चेंडू तपासले ती खोली साधारण ७१ फॅरनहाइट, म्हणजे २१.७ सेल्सियस किंवा २९४.८ केल्विन. मैदान साधारण ४८ फॅरनहाइट, म्हणजे २८२ केल्विन. गेज, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, दाखवतं ते वातावरणाच्या वरचं, म्हणून सुरुवातीच्या १२.५ मध्ये आधी वातावरणाचे १४.७ मिळवायचे : २७.२. त्याला २८२ ने गुणून २९४.८ ने भागलं की २६.०. त्यातून १४.७ वजा केले की ११.३. म्हणजे कोणी बोटही न लावता सव्वा पीएसआयच्या आसपास घट. हे १४.७ मिळवायला विसरलं, तर उत्तर जवळपास १२ येतं, घट जेमतेम अर्ध्या पीएसआयची दिसते आणि माणूस ‘बघा, काढलीच’ असं म्हणून मोकळा होतो. या हिशेबातली नेहमीची चूक हीच. लीगने नेमलेल्या चौकशीच्या अहवालानेही आपला अंदाज ११.३२ ते ११.५२ असाच दिला होता.

मग भांडण उरतं कुठे? गेजमध्ये. मध्यंतरात दोन पंचांनी दोन गेजांनी मोजणी केली. एका गेजवर त्या ११ चेंडूंची सरासरी आली ११.४९, दुसऱ्यावर ११.११. पहिला आकडा अंदाजाच्या आत बसतो, दुसरा बाहेर पडतो. यातलं एक गेज दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.३ ते ०.४ ने जास्त दाखवत होतं आणि सामन्याआधी कोणतं वापरलं याची नोंद नव्हती. मुख्य पंचांच्या आठवणीप्रमाणे जास्त दाखवणारं. अहवालाने मात्र कमी दाखवणारं वापरलं असं धरलं. कोल्ट्सचे चारच चेंडू मोजून झाले आणि त्यांचा दाब तुलनेने कमी घटलेला दिसला. हाच अहवालाचा मोठा आधार. विरोधकांचं उत्तर असं, की ते नंतर मोजले, तोवर उबदार खोलीत त्यांचा दाब परत चढला होता.

भाषांतरात इथे एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. सुरुवातीच्या एका बातमीत ‘१२ पैकी ११ चेंडू दोन-दोन पौंडांनी कमी’ असं होतं. ती बातमीच चुकीची ठरली. कमी दाखवणाऱ्या गेजवरसुद्धा एकच चेंडू १०.५ वर होता, जास्त दाखवणाऱ्यावर तर दोनाने कमी एकही नव्हता. पण आकडा बरोबर असता तरी मराठीत ‘दोन पौंड कमी’ लिहिणं चूकच. ते पौंड दाबाचे, दर चौरस इंचाला मोजलेले. आपल्याकडे वाचक ते वजनाचे समजतो, आणि या चेंडूचं अख्खं वजन १४ ते १५ औंस, म्हणजे एका पौंडाहूनही कमी! ‘पीएसआय’ लिहावं. महाराष्ट्रात पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फौजदार उभा राहील खरा, पण पुढच्या ओळीत ‘दाब’ आला की तो निघून जाईल.

आता ‘फसवणूक’. हा शब्द आपल्याकडे ठाण्यात आणि कोर्टात वापरून घट्ट झाला आहे. कोणाची तरी, बहुधा पैशांची, होते ती फसवणूक. ‘ठेवीदारांची फसवणूक’ म्हणतात तशी. खेळातल्या चीटिंगला मराठीत चांगले शब्द आहेत, पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘रडीचा डाव’ इथे बसत नाही. आउट असून नाही म्हणणं, हरायला लागल्यावर खेळ मोडणं ही रडी. ती सगळ्यांसमोर होते. चेंडूची हवा सोडली असेल तर ती लपून सोडली. गंमत अशी, की पेट्रियट्सचे चाहते हा शब्द कोल्ट्ससाठी वापरू शकतील : ३८ गुणांनी हरलात आणि चेंडूच्या नावाने रडता!

छुप्या गैरप्रकाराला ‘लबाडी’ हा सरळ शब्द आहे. मला त्याहून आवडतो तो ‘मापात पाप’. ठरलेल्या मापापेक्षा कमी देऊन पूर्ण असल्याचं दाखवणं, हाच तर आरोप होता. ‘काटामारी’ जवळचा वाटतो, पण उसाच्या वजनातल्या काटामारीत बिघडवलेला असतो तो काटा. इथे आरोप मालात फेरफार केल्याचा होता. दोन गेजांमध्ये फरक होता, पण तो कोणी पाडल्याचा आरोप नव्हता.

क्रिकेटमधून ‘चेंडू कुरतडणे’ उचलायचा मोह होईल. मार्च २०१८ च्या केपटाऊन कसोटीत ऑस्ट्रेलियाने सँडपेपर वापरला, तेव्हाही आपल्याकडे ‘कुरतडला’च लिहिलं गेलं, आणि ते चालून गेलं, कारण तिथे निदान पृष्ठभागाला इजा होते. हवा सोडण्यात कुरतडण्यासारखं काही नाही. सर्वसमावेशक शब्द हवा असेल तर ‘चेंडूत फेरफार’. ‘छेडछाड’ मी टाळेन. त्या शब्दाला मराठीत वेगळाच वास आहे.

‘ब्रेडीने’मधला तृतीयेचा ‘ने’ सर्वांत घातक. टॉम ब्रेडीने स्वतः हवा सोडली असं कोणीच म्हटलं नव्हतं. ६ मे २०१५ ला आलेल्या, वकील टेड वेल्स यांच्या २४३ पानी अहवालाने संशय ठेवला तो संघाच्या दोन कर्मचाऱ्यांवर. त्यातला एक चेंडू घेऊन मैदानाकडे जाताना वाटेत स्वच्छतागृहात शिरला आणि १ मिनिट ४० सेकंदांनी बाहेर आला. (इंग्रजीत त्याला सर्रास ‘बॉल बॉय’ म्हटलं गेलं. ‘मुलगा’ लिहू नका, तो चांगला प्रौढ माणूस होता.) ब्रेडीबद्दल अहवाल म्हणतो, त्याला या गैरप्रकाराची ‘अॅट लीस्ट जनरली अवेअर’ इतपत माहिती असावी.

मराठीत जबाबदारीच्या पायऱ्या क्रियापदातच दिसतात. ‘हवा सोडली’, ‘हवा सोडायला लावली’, ‘हवा सोडू दिली’, ‘हवा सोडतात याची कल्पना होती’. अहवालाचा निष्कर्ष या शेवटच्या पायरीवरचा आहे. ‘जनरली अवेअर’ला ‘सर्वसाधारणपणे जागरूक’ हे यंत्राचं मराठी झालं. ‘निदान ढोबळ कल्पना होती’ इथे चपखल. पुढे लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी जुलैमध्ये ब्रेडीवरची बंदी कायम करताना त्याने आपला फोन नष्ट करायला लावल्याचा मुद्दा धरला आणि ते ‘सोडायला लावली’च्या बाजूला बरेच सरकले. म्हणून कोणता दस्तऐवज सांगताय त्याप्रमाणे क्रियापद बदलावं लागेल. ‘काढून घेतली’ मात्र कुठेच नको. त्याचा अर्थ ‘स्वतः काढली’ असाही होतो आणि ‘दुसऱ्याकडून काढवली’ असाही.

त्या कर्मचाऱ्याने एका मेसेजमध्ये स्वतःला ‘द डिफ्लेटर’ म्हटलं होतं. मराठीत ‘हवाकाढ्या’ झकास दिसेल, पण वापरलात तर प्रतिवाद कळणार नाही. संघाच्या बाजूने खुलासा आला की इथे ‘डिफ्लेट’ म्हणजे वजन उतरवणं. यावर अमेरिकेत भरपूर हसले लोक. मराठीत ‘हवा काढणे’ला वजनाचा अर्थ कधीच नव्हता, त्यामुळे तो खुलासा आहे त्याहूनही हास्यास्पद वाटेल, आणि तो अन्याय होईल. मूळ शब्द देवनागरीत ठेवून दोन्ही अर्थ सांगणं बरं.

उरलं ‘सिद्ध झाले’. अहवालातला शब्दप्रयोग होता ‘मोअर प्रोबेबल दॅन नॉट’. आपल्या कोर्टांच्या भाषेत, फौजदारीतलं ‘वाजवी संशयापलीकडे’ वेगळं आणि दिवाणीतलं संभाव्यतेचं पारडं वेगळं, हे दुसरं. घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच. ‘सिद्ध झाले’ फार जड होतं. वर्तमानपत्री ‘शक्यता नाकारता येत नाही’ फार हलकं होतं, कारण ती एक टक्का असली तरी नाकारता येत नाही. साध्या भाषेत ‘बहुधा’ पुरतो.

कोर्टाबद्दल लिहिताना हीच काळजी घ्या. शिक्षा अशी होती : ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, संघाला १० लाख डॉलर दंड, शिवाय नव्या खेळाडूंच्या निवडीतले दोन हक्क गेले – २०१६ चा पहिल्या फेरीतला आणि २०१७ चा चौथ्या फेरीतला. ३ सप्टेंबर २०१५ ला न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली. तेव्हा ‘ब्रेडी निर्दोष’ म्हणणं चूक होतं. २५ एप्रिल २०१६ ला अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ अशी ती पुन्हा लागू केली. तेव्हा ‘ब्रेडी दोषी’ म्हणणंही चूकच. दोन्ही वेळा निवाडा होता तो आयुक्तांच्या अधिकाराचा आणि लवादाच्या रीतीचा; हवेला कोर्टाने हात लावला नाही. ‘बंदी रद्द’, ‘बंदी पुन्हा लागू’, इतकंच लिहावं. ती बंदी त्याने २०१६ च्या हंगामात भोगली आणि त्याच हंगामाचा सुपर बोल ३–२८ अशा पिछाडीवरून ३४–२८ असा जिंकला. त्यावर दोन्ही बाजूंनी काय काय म्हटलं असेल, ते सांगायला नको.

शेवटी ‘गेट’. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारत-संकुलात १९७२ साली घरफोडी झाली, तिथून हे शेपूट निघालं. ते मूळ इमारतीच्या नावाचा तुकडा आहे, ‘दार’ या अर्थाशी इथे संबंध नाही, म्हणून त्याचं भाषांतर करू नये. याच संघाचं २००७ चं प्रकरण, प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या खुणांचं चित्रीकरण, ‘स्पायगेट’ म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे कोळशाच्या वेळी ‘कोलगेट’ आलं, पण टूथपेस्टपुढे ते टिकेना. लोक ‘कोळसा घोटाळा’च म्हणत राहिले. मराठीत ‘घोटाळा’ म्हटलं की चारा, सिंचन, पैसा आठवतो, त्यामुळे ‘चेंडू घोटाळा’ इथे शोभत नाही. अर्थात त्या शब्दाचा घरगुती अर्थ, ‘माझा जरा घोटाळा झाला’ यातला गोंधळाचा, त्या दोन गेजांना अगदी लागू पडतो. विशेषनाम म्हणून ‘डिफ्लेटगेट’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कमी हवेच्या चेंडूंचं प्रकरण’ अशी ओळख जोडा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘पेट्रियट्सच्या दोन कर्मचाऱ्यांनी चेंडूंमधली थोडी हवा बहुधा मुद्दाम सोडली आणि ब्रेडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी, असा निष्कर्ष लीगने नेमलेल्या चौकशीत निघाला.’ लांब झालं, मान्य. मथळ्यात बसत नसेल तर ‘कमी हवेचे चेंडू : ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी’ एवढंच घ्या.