इनचार्ज केलंय, पण कशाचा?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. आठ महिन्यांपासून एका रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम करतो. चौथ्याच महिन्यात त्याला शिफ्ट इनचार्ज केलं. पहिल्या वर्षी ७१ टक्के होते, या सेमिस्टरला ५२ वर आला आणि एक विषय राहिला. मालक म्हणतात, कॉलेज सोड, फुलटाइम ये, वर्षभरात असिस्टंट मॅनेजर करतो. मुलगा म्हणतो, सगळीकडे माणसांचा तुटवडा आहे, डिग्रीला आता कोण विचारतं? मला वाटतं, त्याने आजच काम सोडावं आणि बँकेच्या परीक्षांना लागावं. उष्ट्या प्लेटा उचलायला आम्ही त्याला शिकवलं नाही. हल्लीच्या पोरांना काम नको असतं, त्यांच्या वाटचं हा एकटा ओढतो. तो घरी किती कमी असतो ते कळावं म्हणून त्याच्या ड्युटीच्या तक्त्याचा फोटो जोडला आहे.

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर फक्त सारांश दिलाय. त्या चार पानांत गुण एका ओळीत उरकलेत आणि बँकेच्या परीक्षा दोन ओळींत. दीड पान मात्र एकाच संध्याकाळीचं आहे. ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपाची पार्टी नेमकी त्याच्याच रेस्टॉरंटमध्ये निघाली, आणि तुमचं टेबल त्याच्याच सेक्शनला आलं, ती संध्याकाळ.

तुम्ही लिहिता, "मी मेनूकार्डातून डोकं वर काढलं नाही. त्याने जवळ येऊन विचारलं, सर, पाणी साधं की थंड? मी उत्तर दिलं नाही. शेजारच्या साहेबांनी माझंही सांगून टाकलं."

हा प्रसंग तुम्ही त्याची शोभा झाल्यासारखा लिहिलाय. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला शोभा दुसऱ्याच कुणाची तरी दिसली. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. एकोणीस वर्षांच्या पोराने दारातून आत येणारे वडील पाहिले. त्यांच्या सोबत कोण आहे ते पाहिलं. आपल्याला ओळख द्यायची नाहीये, हे त्याला त्यांच्या मानेच्या कलावरून कळलं, आणि त्याने स्वतःच्या बापाला "सर" म्हणून मोकळं केलं. पुढचे दोन तास टेबल सांभाळलं, काही सांडलं नाही, काही चुकलं नाही. (चुकलं असतं तर तुम्ही लिहिलंच असतं.) गिऱ्हाइकासाठी स्वतःचा चेहरा सांभाळण्याच्या या कामाला आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांचं काम जवळून पाहून त्यांनी ते मांडलं होतं. पगाराच्या स्लिपवर त्याचा रकाना नसतो. तुमच्या टेबलावर तर ते काम त्याने तुमच्यासाठीच केलं.

त्यानंतर तुमचं त्याच्याशी या विषयावर बोलणं झालं का, ते चार पानांत कुठेच नाही. झालं नसणार.

आता तुमचं ते वाक्य, "हल्लीच्या पोरांना काम नको असतं." हे मला महिन्याला दहा पालक तरी ऐकवतात आणि त्यातले निम्मे स्वतः कुणाला तरी कामाला ठेवणारे असतात. 'माणसं मिळत नाहीत' हे वाक्य अर्धवट आहे. पुरं करायचं तर असं होतं : या पगारात, या वेळांना, अशा वागणुकीत माणसं मिळत नाहीत. तक्रारही काही हल्लीची नाही. १३४८ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेग शिरला, कामाला हात उरले नाहीत आणि उरलेले जास्त मजुरी मागू लागले. तेव्हा राजाने १३४९ मध्ये फर्मान आणि १३५१ मध्ये कायदा काढला, की मजुरी साथीच्या आधीच्याच दराने घ्यायची, जास्त मागाल तर शिक्षा. पोरं माजली, हाच त्याचा सूर. मजुरी तरी वाढायची ती वाढलीच. दुसरं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ साली त्याच्या कारखान्यात सुमारे १४,००० जागा होत्या आणि त्या भरलेल्या ठेवायला वर्षभरात ५२,००० हून जास्त माणसं घ्यावी लागली. ती आळशी नव्हती, ती येऊन, काम पाहून निघून जात होती. १९१४च्या जानेवारीत फोर्डने दिवसाची मिळकत जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. गळती झपाट्याने थांबली. तुमच्या मुलाच्या रेस्टॉरंटमधून निघून गेलेल्या पोरांना काम नको होतं की हे काम असं नको होतं, हे मला ठाऊक नाही. पण तुम्हालाही ते ठाऊक नाही.

आणि आता तो फोटो. मुलगा घरी नसतो याचा पुरावा म्हणून तुम्ही तो जोडलात. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातला सर्वांत कामाचा कागद तोच आहे. वर छापील बारा नावं आहेत, त्यातली पाच पेनाने खोडलेली. खोडलेल्या नावांच्या चौकोनांत जागोजाग तुमच्या मुलाची आद्याक्षरं. छापील तक्त्याप्रमाणे त्याचे आठवड्याला २४ तास होतात. पेनाने भरलेले धरून मी बेरीज केली, तर पहिल्या आठवड्यात ४१ आणि दुसऱ्यात ४४. दोन आठवड्यांत तीनदा असं झालंय, की रात्री साडेबाराला शटर ओढणाराही तोच आणि सकाळी सातला उघडणाराही तोच. मधे साडेसहा तास, त्यातच घरी जाणं, येणं, आंघोळ. युरोपियन युनियनच्या नियमात दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती धरलेली आहे. साडेसहा तासांवर अकाउंट्सचा पेपर जसा जाईल तसा तो गेला. मुलगा वाया गेलेला नाही, त्याची झोप राहिलेली आहे.

हे असं का होतं, तेही सांगतो, कारण मालक राक्षस आहे असं मी म्हणत नाही. वस्तू बनवणाऱ्याला माणसं कमी पडली तर तो गोदामातला माल काढून चार दिवस ढकलू शकतो. सेवेचं गोदाम नसतं. आज रात्री रिकामं राहिलेलं टेबल उद्या विकता येत नाही, आणि आज रात्री भरलेल्या टेबलाला आजच माणूस लागतो. २०२२च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाने दिवसाला एक लाखाहून जास्त प्रवासी निघू देणार नाही असं जाहीर केलं होतं. विमानं होती, प्रवासी होते, सामान चढवणारी माणसं पुरेशी नव्हती. कोविडच्या साथीत कमी केलेली माणसं बोलावल्याबरोबर परत येत नाहीत, नव्यांना तयार करायला महिने जातात. अशा वेळी धंद्यापुढे मोजके रस्ते असतात : टेबलं कमी करायची, एक दिवस बंद ठेवायचं, मेनू आखूड करायचा, पगार वाढवायचा, ऑर्डर घ्यायला मशीन बसवायचं. या सगळ्याला एकतर पैसा लागतो किंवा गल्ला बुडतो. फुकटात होणारी गोष्ट एकच, जे उरलेत त्यांच्यावर टाकायचं. आणि उरलेल्याने कुरकुर करू नये म्हणून त्याला पद द्यायचं. मालकाला सर्वांत स्वस्त पडणारी पगारवाढ म्हणजे पद. चार महिन्यांत इनचार्ज झाला यात मुलाची हुशारी असेलही, मला तर ती दिसतेच. पण बारातले पाच गेले, हेही त्यात आहे.

हे पुढचं त्यालाच सांगायचंय, तेव्हा कृपा करून हा भाग त्याला वाचायला द्या. मोठ्याने वाचून दाखवू नका, कागद हातात द्या.

अरे, माणसांचा तुटवडा आहे हे तुझं म्हणणं खरं आहे, आणि तुटवड्यात नव्या पोराला लवकर संधी मिळते हेही खरं. पण हा पाऊस आहे, विहीर नाही. अमेरिकेत २०२२च्या मार्चमध्ये रिकाम्या जागा सुमारे १ कोटी २० लाखांवर गेल्या होत्या. लोक ठणकावून राजीनामे देत होते, पगार वाढवून घेत होते. २०२४च्या उत्तरार्धात तोच आकडा ८० लाखांच्या आसपास आला आणि नवी नोकरी शोधणाऱ्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. रांग लागली की मालक आधी कागद बघतो. तेव्हा तुझ्याकडे काय असेल? डिग्री अर्धी, आणि 'शिफ्ट इनचार्ज' हे दोन शब्द, तेही तोंडी. तोंडी म्हणतो, कारण तुझ्या वडिलांच्या पत्रात पद आलंय, वाढलेला पगार कुठे आलेला नाही. तुझ्याकडे लेखी पत्र आहे का?

कॉलेजात असताना मी एका लॉजच्या काउंटरवर दोन वर्षं रात्रपाळी केली. चाव्या माझ्याकडे, गल्ला माझ्याकडे, सगळे मला 'मॅनेजर' म्हणायचे. पुढे अनुभवाचं पत्र मागायला गेलो तर मालक बदललेले, जुन्या रजिस्टरात माझं नाव 'रात्रीचा पोऱ्या' असं. ते तसंच नेऊन दाखवता येत नव्हतं.

तू इनचार्ज कशाचा आहेस, हे असं तपास. रोस्टर तू लावतोस का, की फक्त भरतोस? कुणी आलं नाही तर चार टेबलं बंद करायचा अधिकार तुला आहे का? स्टोअरमधून काय किती गेलं आणि त्याची किंमत किती पडली, हा हिशेब तुला कुणी दाखवतं का? चिडलेल्या गिऱ्हाइकाचं बिल कमी करायची मुभा आहे? चारही उत्तरं 'नाही' असतील, तर तू वेटरच आहेस, फक्त सर्वांत शेवटी घरी जाणारा. यातली दोन जरी 'हो' असली, तर तू असं काही शिकतोयस जे कॉमर्सच्या वर्गात बसून शिकता येत नाही, आणि ते सोड असं मी म्हणणार नाही. ऑर्डर घेणं आणि बिल काढणं उद्या स्क्रीनवर जाईल, बऱ्याच ठिकाणी गेलंही. दोन माणसं गैरहजर असताना किचन आणि हॉल यांची भांडणं न होऊ देणं कुठल्या स्क्रीनला अजून जमलेलं नाही.

मालकांकडे जा आणि तीन गोष्टी माग. पद आणि पगार लेखी. परीक्षा संपेपर्यंत आठवड्याला २० तास, त्यावर एकही नाही. रात्री बंद करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळ नाही. यात उद्धटपणा काही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा हॉटेल आणि रेस्टॉरंट कामगारांसाठी १९९१चा स्वतंत्र करार आहे. रोजची पुरेशी विश्रांती, शक्य तिथे वेळापत्रक आधी कळणं, आणि टिप मिळो न मिळो मूळ पगार ठरलेल्या वेळी मिळणं, हे सगळं त्यात लिहिलंय. बारातले पाच गेलेत, तेव्हा आत्ता तुला मालकांची जेवढी गरज आहे, त्यापेक्षा मालकांना तुझी जास्त आहे. तुटवड्याचा उपयोग करायचा तो असा, कॉलेज सोडून नव्हे. ते नाही म्हणाले तर तुलाही कळेल, की वर्षभरात असिस्टंट मॅनेजर करतो या शब्दाला किती वजन होतं. मग दुसरीकडे बघ, अशा वेळी काम मिळतं.

राहिलेला विषय ऑक्टोबरात काढ. फुलटाइमचा विचार तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात आल्यावर.

पुन्हा तुमच्याकडे येतो. बँकेच्या परीक्षा पदवीनंतर आहेत, त्या कुठे पळून जात नाहीत, तेव्हा आज त्यासाठी घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तो स्वतःहून म्हणाला तर क्लास लावा. नोकरी सोडायला लावू नका. आज सोडली तर त्याच्या मनात एकच राहील, की ऑफिसच्या लोकांसमोर बाबांना लाज वाटली म्हणून सोडली. आणि ते खरंच असेल. पुढे बँकेत लागला तरी ते जाणार नाही.

त्याच्याशी बोला. परीक्षेचं नको, मालकांचं नको, आधी त्या संध्याकाळीचं. काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही, तुम्ही दीड पान लिहिलंय, शब्द तुमच्याकडे आहेत. वेळ मात्र शोधून ठेवलीय. तक्त्यात येत्या मंगळवारी त्याच्या नावापुढे 'ऑफ' आहे, आणि फोटो काढला तोवर तरी ते कुणी खोडलेलं नव्हतं.